फ्लॅटमधल्या प्राण्यांसाठी आवाज आणि गाणी : नवीन पेट पॅरेंटनी सुरुवात कशी करायची

घरात मांजर, कुत्रा, बजी (छोटा रंगीत पोपट) किंवा ससा आला की आपण खाणं बघतो, लसी बघतो, लिटर बॉक्स कुठे ठेवायचा त्यावर घरात चर्चा होते, ऑनलाइन खेळणी मागवतो, पण दिवसभर त्याच्या कानावर काय पडतंय हे सहसा कुणी बघत नाही. जो प्राणी सगळं आयुष्य दोन-तीन खोल्यांत काढणार आहे त्याला बाहेरच्या जगाची खबर मिळते ती वासातून आणि आवाजातून, त्यामुळे ही बाजू सांभाळली तर त्याचा दिवस खरंच बदलतो. खर्च जवळपास शून्य आहे, घरातला जुना मोबाईल आणि एक साधा स्पीकर पुरतो. फक्त एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा, की हे आपल्यासाठी नाहीये, त्याच्यासाठी आहे, म्हणजे प्लेलिस्टचं नाव काय आहे याला महत्त्व नाही, त्याचे कान काय सांगतायत ते बघायचं.

पायरी १ : काही लावायच्या आधी घर ऐका

सुट्टीच्या दिवशी एक वही घ्या आणि सकाळपासून रात्रीपर्यंत घरात कोणकोणते आवाज होतात ते लिहून काढा, आणि प्रत्येक आवाजाला तुमचा प्राणी काय करतो तेही समोर लिहा. कुकरची शिट्टी, मिक्सर, वॉशिंग मशीनचा ड्रायर, वरच्यांनी ओढलेली खुर्ची, घंटागाडीचं गाणं, भंगारवाल्याचा रेकॉर्ड केलेला भोंगा, लिफ्टचं दार. आपल्या कानांना या सगळ्याची इतकी सवय झालेली असते की यादी केल्यावर लोक चकित होतात. शक्य असेल तर थोडा वेळ जमिनीवर, त्याच्या झोपायच्या जागेशी बसून ऐका, फ्रीजच्या मागे किंवा इन्व्हर्टरच्या शेजारी त्याचं अंथरूण असेल तर तिथे सतत किती घरघर असते ते तेव्हाच कळतं.

आता थोडं कानांबद्दल, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. आवाज किती खोल किंवा बारीक आहे ते हर्ट्झमध्ये मोजतात, आकडा जितका मोठा तितका आवाज बारीक. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. कुत्र्याला ४५,००० हर्ट्झच्या आसपासपर्यंत, आणि मांजराला ६०,००० च्याही बऱ्याच वर, उंदराची जी चिवचिव आपल्याला ऐकूच येत नाही ती मांजराला व्यवस्थित येते. ससा, गिनीपिग हेही ४०,००० च्या वर जातात. बजी आणि कॉकटील (डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट) यांचं उलट आहे, त्यांना खूप वरचे आवाज आपल्याइतकेही ऐकू येत नाहीत, पण बजीचा कान २ ते ४ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तीक्ष्ण असतो, कारण त्यांची स्वतःची बडबड साधारण तिथेच चालते.

याचा रोजच्या घरातला अर्थ असा की उंदीर-पाली पळवणारी ती सॉकेटमध्ये लावायची अल्ट्रासॉनिक यंत्रं घरात असतील तर आधी ती काढा. आपल्याला ती शांत वाटतात पण त्यांचा आवाज मांजराच्या आणि बऱ्याचदा कुत्र्याच्याही ऐकण्याच्या टप्प्यात येतो, हॅमस्टर किंवा गिनीपिग असेल तर प्रश्नच नाही, आणि त्या बिचाऱ्यांना तो दिवसरात्र बंद न होणारा आवाज सोडून जायला जागाही नसते. लोक इकडे कुत्र्याला शांत करणारं म्युझिक लावतात आणि तिकडे त्याच खोलीत ते यंत्र चालू असतं.

दुसरी गोष्ट बारीक बीप. अमेरिकेत युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, डेव्हिसच्या संशोधकांनी २०२१ मध्ये घरगुती आवाज आणि कुत्र्यांची भीती यावर अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दिसलं की सतत चालणाऱ्या आवाजापेक्षा मधूनमधून येणारा बारीक टोकदार आवाज, उदाहरणार्थ स्मोक अलार्मची बॅटरी संपत आल्यावरचा बीप, कुत्र्यांना जास्त घाबरवतो, आणि मालकांना ही भीती बऱ्याचदा ओळखूच येत नाही. आपल्याकडे घरोघरी स्मोक अलार्म नसतात पण इन्व्हर्टर आणि यूपीएसचा बीप असतो, फ्रीजचं दार उघडं राहिलं की वाजणारा अलार्म असतो, मायक्रोवेव्ह असतो. इन्व्हर्टरची बॅटरी वेळेवर बदला, मोबाईलचे की-टोन बंद करा. आणि दाराची बेल चिमणीच्या चिवचिवाटाची असेल आणि घरात मांजर किंवा बजी असेल तर सरळ साधी, हळू आवाजाची बेल बसवून घ्या, तीन-चारशे रुपयांत काम होतं.

ही सफाई केली तर काही घरांमध्ये पुढच्या निम्म्या पायऱ्यांची गरजच पडत नाही, हे मी मनापासून सांगते. आवाज वाढवण्याआधी नको ते आवाज कमी करणं हाच सगळ्यात मोठा बदल असतो.

पायरी २ : त्याला ऐकू येतंय ना

हे विचित्र वाटेल पण तपासा. पांढरीशुभ्र, निळ्या डोळ्यांची मांजरं जन्मतः बहिरी असण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं, डाल्मेशियन कुत्र्यांमध्येही एका किंवा दोन्ही कानांचा बहिरेपणा नेहमी आढळतो, आणि म्हातारपणी तर कुणाचंही ऐकणं कमी होतं. प्राणी पाठमोरा किंवा झोपलेला असताना लांबून, जमिनीला हादरा न देता आणि वारा न लागू देता किल्ल्या हलवा, मग दुसऱ्या बाजूने हलवा. कान वळले तर ठीक. टाळी वाजवू नका, टाळीची हवा मिशांना जाणवते आणि फसायला होतं. शंका असेल तर व्हेटला, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरला, विचारा.

पायरी ३ : स्पीकर कुठे, आवाज किती

महागडा स्पीकर लागत नाही. आपल्या वापरातले स्पीकर माणसाच्या कानासाठी बनवलेले असतात, त्यामुळे २०,००० हर्ट्झच्या वरचं त्यातून जवळपास काही येत नाही, आणि छोट्या ब्लूटूथ स्पीकरमधून खोल खालचे आवाजही नीट येत नाहीत. ही गोष्ट ढोल-ताशाच्या तयारीत परत येणार आहे, लक्षात ठेवा.

स्पीकर प्राण्याच्या झोपायच्या जागेपासून लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. पिंजऱ्याला अडकवायचा नाही, पिंजऱ्याच्या वर तर कधीच ठेवायचा नाही. फिशटँक असेल तर टँकच्या स्टँडवर स्पीकर नको, पाण्यात कंप सरळ उतरतो आणि गोल्डफिशसारख्या माशांना चांगलं ऐकू येतं, काचेवर टकटक करू नये ते यासाठीच.

व्हॉल्यूमसाठी मोबाईलवर फुकटचं साउंड मीटर अ‍ॅप घ्या आणि प्राणी जिथे बसतो तिथे मोबाईल ठेवून मोजा. मोबाईलचं मीटर अगदी अचूक नसतं पण अंदाज येतो. दोन माणसांचं साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं, मी म्युझिक ५० च्या वर जाऊ देत नाही, म्हणजे शेजारच्या खोलीत गेलं तर जेमतेम कळेल इतकंच. आपल्याला "अरे हे फारच हळू आहे" असं वाटलं की साधारण बरोबर आहे असं समजा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्राण्याला त्या आवाजापासून उठून जाता आलं पाहिजे. ज्या खोलीत गाणं लावलंय तिचं दार उघडं हवं, आणि घरात निदान एक कोपरा असा हवा जिथे काहीच वाजत नाही. कुत्रा-मांजर उठून जाऊ शकतात, पिंजऱ्यातला बजी किंवा ससा जाऊ शकत नाही, म्हणून त्यांच्या बाबतीत आपण दुप्पट सावध राहायचं.

यूट्यूबवरून लावत असाल तर एक धोका आहे. शांत बासरी चालू असते आणि मधेच दुप्पट आवाजात जाहिरात सुरू होते, नुकतं डोळे मिटलेलं मांजर ताडकन उठतं, आणि असं चार वेळा झालं की ते बासरीलाच घाबरायला लागतं. फाइल डाउनलोड करून ठेवा किंवा जाहिराती नसलेलं अ‍ॅप वापरा, ऑटोप्ले बंद, फोन फ्लाइट मोडवर. ब्लूटूथ स्पीकर बॅटरी संपताना बीप देतो किंवा मोठ्याने बोलतो, म्हणून तो चार्जरला लावूनच ठेवा.

पायरी ४ : काय लावायचं

कुत्र्यांवर यातलं सगळ्यात जास्त काम झालंय. बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीतल्या डेबोरा वेल्स आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये रेस्क्यू शेल्टरमधल्या ५० कुत्र्यांना वेगवेगळे आवाज ऐकवले. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत चालू असताना कुत्रे जास्त वेळ पडून राहिले आणि शांत राहिले, हेवी मेटलला भुंकणं वाढलं, आणि पॉप गाणी किंवा माणसांच्या गप्पा यांनी विशेष फरक पडला नाही. पुढे स्कॉटलंडमध्ये ग्लासगो युनिव्हर्सिटी आणि तिथल्या प्राणी कल्याण संस्थेने काम केलं, त्यात एक फार उपयोगी गोष्ट कळली, की एकच एक संगीत रोज लावलं तर काही दिवसांतच त्याचा परिणाम विरतो. मग २०१७ मध्ये त्यांनी पाच प्रकार आलटून पालटून लावले, सॉफ्ट रॉक, मोटाउन (जुनी अमेरिकन सोल गाणी), पॉप, रेगे (जमैकातलं संथ ठेक्याचं संगीत) आणि क्लासिकल, तेव्हा सॉफ्ट रॉक आणि रेगेला कुत्र्यांच्या हृदयाच्या ठोक्यांत सगळ्यात जास्त निवांतपणा दिसला, पण प्रत्येक कुत्र्याची आवड थोडी थोडी वेगळी होती. इंग्लंडमध्ये २०१६ साली अजून एक छान प्रयोग प्रसिद्ध झाला, शेल्टरमधल्या कुत्र्यांना ऑडिओबुक ऐकवली, आणि ती ऐकताना कुत्रे संगीतापेक्षाही जास्त आराम करताना दिसले.

हे सगळं शेल्टरमधलं आहे, तिथे गोंगाट भयंकर असतो, आपल्या घरात तितकाच फरक पडेल असं धरून चालू नका. पण सुरुवातीला काय लावावं याचा अंदाज नक्की येतो, संथ, एकसारखं, अचानक चढ-उतार नसलेलं.

आपल्याकडचं काय लावावं असं लोक विचारतात. माझ्या अनुभवात तानपुरा फार छान चालतो, नुसता तानपुरा, मोबाईलवर तानपुऱ्याची अ‍ॅप असतात त्यातला, खालच्या पट्टीत. विलंबित ख्याल, संतूर, खालच्या सप्तकातली बासरी चालते. द्रुत लय आली, तबल्याच्या तिहाया सुरू झाल्या की आमची कुत्री मान वर करून बघते, म्हणून मी आलाप आणि विलंबितपर्यंतचाच भाग कापून ठेवलाय. शहनाई आणि वरच्या पट्टीतली बासरी तिला झेपत नाही, तुमच्या कुत्र्याला कदाचित आवडेल. आकाशवाणीची 'रागम' ही शास्त्रीय संगीताची वाहिनी २०१६ पासून चालू आहे, मोबाईल अ‍ॅपवर ऐकता येते, आणि कमर्शिअल एफएमसारख्या आरडाओरडा करणाऱ्या जाहिराती तिथे नसतात. मराठी ऑडिओबुकही लावून बघा, पण संथ आवाजात वाचलेलं, पार्श्वसंगीत नसलेलं. भूतकथा, नाट्यरूपांतर, दार वाजण्याचे इफेक्ट असलेलं काही नको, कुत्रा दाराकडे धावेल. घरात आजी-आजोबा असतील आणि ते रोज पोथी किंवा पेपर मोठ्याने वाचत असतील तर त्याहून चांगलं काही नाही, ओळखीचा जिवंत आवाज आहे तो.

मांजरांचं गणित वेगळं. २०१५ मध्ये विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीतले चार्ल्स स्नोडन, मेगन सॅव्हेज आणि चेलोवादक डेव्हिड टाय यांनी ४७ घरगुती मांजरांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी खास मांजरांसाठी संगीत रचलं होतं, मांजराच्या आवाजाच्या पट्टीतलं, घुरघुर करण्याच्या आणि पिल्लू दूध पितानाच्या लयीवर बांधलेलं, आणि मांजरांनी माणसांच्या क्लासिकलपेक्षा त्याकडे जास्त लक्ष दिलं, स्पीकरला अंग घासलं, जवळ जाऊन बसली. नंतर अमेरिकेतच लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत व्हेटच्या क्लिनिकमध्ये तपासणीच्या वेळी असंच संगीत लावून बघितलं तेव्हा मांजरांचा ताण कमी दिसला. हे संगीत नेटवर मिळतं, आपल्याला ते जरा चमत्कारिक वाटतं, पण ते आपल्यासाठी नाहीच.

तरी मांजरांना दिवसभर काही वाजत ठेवणं मला पटत नाही. मांजराला सगळ्यात आवडतो तो खिडकीतला आवाज. खिडकीला किंवा बाल्कनीला मजबूत जाळी बसवा, कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची पातळ जाळी दातांनी तुटते, मांजरांसाठी जाड किंवा तारेची घ्या, आणि सकाळी दोन तास तिथे बसायला जागा द्या. बुलबुल, शिंपी पक्षी, खारीची चकचक, पावसाळ्यात पागोळ्यांचा आवाज, आणि सोबत दिसतंही, वासही येतो. या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात म्हणून ते कुठल्याही रेकॉर्डिंगपेक्षा सरस आहे. पक्ष्यांच्या आवाजाचे कॅट टीव्ही व्हिडिओ लावायचेच असतील तर दहा-पंधरा मिनिटं लावा आणि संपल्यावर लगेच दोरीचं खेळणं फिरवून त्याला काहीतरी खरं पकडू द्या, मग खाऊ द्या. नुसतं ऐकवून ठेवलं आणि हाती काही लागलंच नाही तर काही मांजरं चिडचिडी होतात.

पक्षी. आधी कायद्याचं, कारण नवीन लोकांना हे माहीतच नसतं, आपला साधा हिरवा पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. दुकानात सर्रास 'लव्हबर्ड' म्हणून विकतात ते बहुतेक वेळा बजी असतात, ते आणि कॉकटील हे बाहेरच्या देशातले, त्यांच्याबद्दल बोलतेय. हे थव्याचे पक्षी आहेत आणि त्यांच्यासाठी दिवसा पूर्ण शांतता हीच धोक्याची खूण असते, कारण रानात थवा गप्प होतो तो शिकारी आला की. म्हणून ऑफिसला जाताना घर एकदम सुनसान करून जाऊ नका, हळू रेडिओ चालेल. पण एकट्या बजीला तासन्‌तास दुसऱ्या बजींच्या थव्याचं रेकॉर्डिंग ऐकवू नका, तो हाका मारत राहतो आणि त्याला उत्तर कुणीच देत नाही. अर्धा तास पुरे, आणि तुम्ही घरी असताना, म्हणजे त्याने हाक मारली की तुम्ही शीळ घालून उत्तर देऊ शकता. हे शीळ-उत्तर खरं समृद्ध करणारं आहे. बजी आवाज शिकणारे पक्षी आहेत, कॅलिफोर्नियातल्या पक नावाच्या एका बजीच्या नावावर १,७२८ शब्दांचा गिनीज विक्रम आहे. ताल तर काकाकुवाला खरोखर कळतो, स्नोबॉल नावाच्या काकाकुवावर २००९ मध्ये प्रयोग झाला, गाण्याचा वेग कमी-जास्त केला तसा बऱ्याचदा त्याने आपला नाचही बदलला. तेव्हा पक्ष्यांसाठी गाणं म्हणा, ठेका धरा, रोज तीच एक ओळ म्हणा, दिवसातून दोनदा दहा मिनिटं. सूर्यास्तानंतर मात्र पिंजऱ्यावर कापड आणि दहा-बारा तास अंधार आणि शांतता, टीव्हीच्या हॉलमध्ये पिंजरा असेल तर रात्री तो दुसऱ्या खोलीत हलवा. निसर्गाचे आवाज म्हणून डाउनलोड केलेली फाइल आधी स्वतः पूर्ण ऐका, मधेच शिक्रा किंवा घारीची हाक असते आणि पक्षी पिंजऱ्यात धडका घेतो.

ससा, गिनीपिग, हॅमस्टर यांना संगीताचं विशेष कौतुक नसतं. त्यांच्यासाठी काम करायचं ते गोंगाट कमी करण्यावर, पिंजरा टीव्ही आणि मिक्सरपासून लांब, आणि अचानक होणारे आवाज झाकायला पंख्याची किंवा कूलरची एकसारखी घरघर पुरते.

पायरी ५ : कधी आणि किती वेळ

पहिला आठवडा दिवसातून एकदाच, वीस मिनिटं, आणि तेही तुम्ही घरी असताना, सगळं निवांत असताना, दुपारची जेवणं झाल्यावर वगैरे. हे फार महत्त्वाचं आहे. बरेच जण फक्त घराबाहेर पडताना गाणं लावतात आणि कुत्रा दोन आठवड्यांत शिकतो की हे गाणं लागलं म्हणजे आता आई-बाबा मला सोडून जाणार, मग तानपुऱ्याच्या पहिल्या झंकाराला तो कासावीस होतो. म्हणून आधी फक्त घरी असताना, निवांत वेळीच लावा, मग अधूनमधून लावून पाच मिनिटं खाली जाऊन या, मग जास्त वेळ.

दुसऱ्या आठवड्यापासून अर्धा-पाऊण तास, दिवसातून दोनदा. तीन-चार वेगवेगळ्या याद्या करून ठेवा आणि रोज बदला, सोमवारी तानपुरा तर मंगळवारी ऑडिओबुक तर बुधवारी काहीच नाही. काहीच नाही हा दिवसही ठेवाच. आठ तास सलग कुठलंही संगीत नको.

पायरी ६ : बघायचं काय

गाणं लावून आपण किचनमध्ये निघून गेलो तर काही कळणार नाही, सुरुवातीला समोर बसा. कुत्रा कुशीवर पडला, डोकं खाली टेकवलं, लांब सुस्कारा सोडला, की आवडलंय. वारंवार ओठ चाटतोय, झोप नसताना जांभया देतोय, कान मागे, गारवा असूनही धापा टाकतोय, येरझारा घालतोय, की बंद करा. मांजर स्पीकरकडे कान वळवून डोळे अर्धे मिटून बसलं की छान, कान आडवे चपटे झाले, शेपटीचं टोक फटाफट आपटतंय, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या किंवा ते सरळ उठून गेलं, तर ते त्याचं उत्तर आहे, त्याला उचलून परत आणून बसवू नका. बजी पिसं थोडी फुलवून, एक पाय पोटाशी घेऊन, चोच कुरकुर घासत बसला की निवांत, अंग बारीक करून ताठ उभा राहिला की घाबरलाय. ससा मागचा पाय धप्पकन आपटतो, ती सूचना असते. एकदम दगडासारखा थिजलेला ससा किंवा गिनीपिग शांत वाटतो पण तो घाबरलेला असतो, नवीन लोकांची इथे हमखास गल्लत होते.

वहीत तीनच खुणा करत जा, आवडलं, काही फरक नाही, नको. 'काही फरक नाही' असं वारंवार आलं तर त्याचा त्रास करून घेऊ नका, काही प्राण्यांना संगीताशी देणंघेणं नसतं आणि ते अगदी ठीक आहे.

पायरी ७ : जो आवाज तो स्वतः करतो

माझ्या मते ही पायरी सगळ्यात कमी केली जाते आणि सगळ्यात जास्त आनंद देते. बाहेरून येणाऱ्या आवाजावर प्राण्याचा काही ताबा नसतो, पण स्वतः हलवलं म्हणून वाजलं, थांबलो म्हणून थांबलं, यात त्याला मजा येते. जुने पेपर चुरगाळून खोक्यात भरा आणि त्यात कुत्र्याचा खाऊ लपवा, तो नाकाने उकरताना जो खसखस आवाज होतो त्यात तो पंधरा मिनिटं रमतो. मांजराला किराणाची खाकी पिशवी द्या, बंद कापून टाकून, नाहीतर मान अडकते. बजीसाठी स्टीलची घंटी, जिचा लोलक निघून येत नाही अशी. सशाला पुठ्ठ्याचं रिकामं नळकांडं गवत भरून. प्लास्टिकच्या बाटलीत चणे टाकून झाकण काढून दिली तर कुत्रा ती गडगडवत फिरतो, पण वरच्या मजल्यावर राहत असाल तर चटईवर द्या, खालच्या काकूंचाही विचार करा. पहिल्यांदा वाजणारं खेळणं देताना अंगावर फेकू नका, जमिनीवर ठेवून बाजूला व्हा.

मांजराच्या पट्ट्याला घुंगरू मात्र नको. घरातल्या मांजराला त्याचा काही उपयोग नाही, आणि हालचाल केली की दर वेळी कानाशीच वाजणारी ती गोष्ट त्याला बंद करता येत नाही.

पायरी ८ : गणपती, ढोल-ताशा आणि दिवाळीची तयारी

हे जून-जुलैमध्ये सुरू करायचं, आदल्या आठवड्यात नाही. ढोल-ताशाचं आणि फटाक्यांचं रेकॉर्डिंग घ्या आणि इतक्या कमी आवाजात लावा की तुम्हालाच कान देऊन ऐकावं लागेल, आणि त्याच वेळी त्याचं सगळ्यात आवडतं खाणं द्या, चिकन, पनीर, जे असेल ते. आवाज आधी, खाणं लगेच मागोमाग, आवाज बंद की खाणंही बंद. पाच मिनिटं बास. कान हलले पण खाणं चालू राहिलं तर बरोबर चाललंय, तीन-चार दिवसांनी आवाज अगदी किंचित वाढवा. खाणं थांबलं तर आवाज दोन टप्पे खाली आणा. घाई केली तर उलट भीती पक्की बसते, त्यामुळे शंका आली की कमीच ठेवा.

आता ते स्पीकरचं. छोट्या स्पीकरमधून ढोलाचा छातीत धडधडणारा खालचा आवाज येतच नाही आणि जमीन हादरत नाही, त्यामुळे रेकॉर्डिंगला शांत राहिलेला कुत्रा खऱ्या मिरवणुकीला घाबरू शकतो. थोडे दिवस मोठ्या होम थिएटरवर लावून बघा, आणि आसपास एखादं पथक सराव करत असेल, पुण्यात तर नदीकाठी पावसाळ्यात सगळीकडे चालू असतात, तर खूप लांबून, जिथे तो अजून खाऊ घेतोय अशा अंतरावरून फिरवून आणा.

प्रत्यक्ष त्या दिवशी संध्याकाळचं फिरणं उजेड असतानाच उरका, पट्ट्यावर फोन नंबर असलेला बिल्ला घाला. सगळ्यात आतली खोली निवडा, बऱ्याच घरांत ती बाथरूम किंवा पॅसेज असते, खिडक्या बंद, पडदे ओढलेले, जाड गोधड्या टाकून एक गुहेसारखी जागा करा. पंखा फुल, त्यावर पावसाचा किंवा धबधब्यासारखा एकसारखा आवाज. या दिवशी मात्र ५० डेसिबलचा नियम थोडा बाजूला ठेवायचा, बाहेरचा आवाज झाकला जाईल इतपत वाढवा. तो पलंगाखाली गेला तर ओढून काढू नका. जवळ आला तर जवळ घ्या, थोपटा, बोला त्याच्याशी. लाड केले की भीती वाढते असं अजूनही लोक सांगतात, ते खरं नाही, भीती ही भावना आहे आणि माणसासारखाच त्यालाही आधार लागतो. सणाचे सवलतीचे काही दिवस सोडले तर रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी असते, सोसायटीत आधीच नम्रपणे बोलून ठेवलं तर बरेच लोक ऐकतात.

जो कुत्रा फटाक्यांना थरथरतो, लाळ गाळतो, दार खरवडून नखं रक्ताळून घेतो त्याला संगीताने काही होणार नाही. महिनाभर आधी व्हेटकडे जा, यासाठी चांगली औषधं आहेत आणि ती आधी एकदा देऊन बघावी लागतात. माणसांची झोपेची गोळी अर्धी करून द्यायची असले प्रकार अजिबात करू नका, जीव जातो.

म्हाताऱ्या प्राण्यांबद्दल थोडं

वय झालेल्या मांजरांमध्ये एक गोष्ट लक्षात ठेवा. ब्रिटनमधल्या व्हेट लोकांनी अशा ९६ मांजरांची माहिती गोळा केली ज्यांना ठराविक आवाजांनी फिट येत होत्या, अ‍ॅल्युमिनियम फॉइल चुरगाळल्याचा आवाज, चिनी मातीच्या वाडग्यावर चमचा आपटल्याचा, काचेवर टकटक. ही बहुतेक मांजरं म्हातारी होती, सरासरी वय १५ च्या आसपास. तुमचं म्हातारं मांजर डबा उघडताना किंवा चमचा वाजल्यावर झटके देतंय असं वाटलं तर त्याचं जेवण प्लास्टिकच्या नाहीतर रबरी वाडग्यात द्या, फॉइल दुसऱ्या खोलीत फाडा, आणि झटका आला की जमलं तर मोबाईलवर शूट करा आणि कुठला आवाज झाला होता ते लिहून ठेवा, व्हेटला निदान करायला त्या व्हिडिओचा फार उपयोग होतो.

ज्यांचं ऐकणं गेलंय त्यांच्यासाठी गाण्याऐवजी कंप वापरा. लाकडी पाटावर किंवा पलंगाच्या कडेवर बोटांनी हळू ठेका धरा आणि लगेच खाऊ द्या, काही दिवसांत तो ठेका ओळखून वळून बघायला लागतो. मांडीवर घेऊन गुणगुणलात तरी छातीचा कंप त्याच्यापर्यंत पोचतो. झोपेतून उठवताना एकदम हात लावू नका, आधी अंथरुणाची कड हलकेच दाबा.